साडेचार मापं पाणी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं विचारलं तर मला थांबून आठवावं लागत नाही. माझ्या आत्याचे. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर, आणि ती पदवी मी तिच्या दहा बाय दहाच्या खोलीत राहून मिळवली. आमचं गाव शहापूर तालुक्यात, भातसानगरच्या पलीकडे डोंगराला लागून. कॉलेज मुरबाडला. मधे दोन एसट्या. महिनाभर मी रोज पहिला तास चुकवत राहिलो, तेव्हा आत्या माझ्या वडिलांना म्हणाली, "त्याला माज्याकडं धाड. दोन घास जास्त शिजतील, अजून काय." पुढच्या तीन वर्षांत तिने हा विषय पुन्हा काढला नाही. आभार मानायला गेलो तर हातात केरसुणी द्यायची.

आत्या मुरबाडजवळच्या म्हसा गावाच्या पुढे एका बंगल्याची राखण करते. मालक मुंबईचे, शनिवार-रविवारी येणारे. बाकीचे पाच दिवस बाग, गेट, कुत्रा आणि चाव्यांचा जुडगा तिच्या ताब्यात. आधी आतोबा सोबत होते. बंगल्यावर येण्याआधी ते गावच्या नळयोजनेवर पाणी सोडायचं काम करत. ते गेल्यावर त्यांची पत्र्याची पेटी आत्याने खाटेखाली ठेवून दिली. तिच्यात पाने, सुतळी आणि आटे असलेली लोखंडी बुचं. त्या बुचाला नळाच्या कामात डमी म्हणतात. नळ तुटला की त्याच्या तोंडावर डमी बसवायचं, पाणी थांबतं. आतोबांबरोबर राहून आत्यालाही ते काम यायला लागलं होतं. हे आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं एका डमीमुळे घडलं.

दुसरी गोष्ट, आत्याला पाणी गळताना बघवत नाही. भातसाचं धरण आमच्या शेजारी, पण तिच्या तरुणपणी आमच्या पाड्यावर नळ नव्हता. एप्रिल-मेमध्ये ओढ्यात खड्डा काढायचा, त्यात पाणी साठायची वाट बघत बसायचं आणि वाटीवाटीने हंडा भरायचा. एका हंड्याला अर्धी सकाळ. त्यामुळे कुठे टप टप असा आवाज आला की ती हातातलं काम टाकून उठते. कॉलेजात असताना मी दात घासताना नळ चालू ठेवला होता. तिने येऊन बंद केला आणि म्हणाली, "बीएस्सीत ह्ये नाय शिकवत?"

पदवीनंतर दोन वर्षं मी अर्ज करत राहिलो. मग शहापुरात, आसनगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पंप आणि पाणी तापवायची यंत्रं विकणाऱ्या एका दुकानात लागलो. विकलेलं यंत्र ग्राहकाकडे जाऊन बसवायचं, जोडणी करायची, चालू करून द्यायचं. दुकानाचे शेठ मला नावाने हाक मारत नसत. "ए बीएस्सी" म्हणायचे. गावातले लोक विचारायचे, "शिकून पाना फिरवतोस काय रे?" मी म्हणायचो, "हो, फिरवतो." मला त्याची लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. पाना कुठे थांबवायचा हे ज्याला कळतं त्याला शिक्षण झालेलं आहे, असं मी मानतो.

आत्या राखण करते त्या बंगल्याच्या साहेबांनी आमच्याच दुकानातून यंत्र घेतलं. विजेवर तापणारी तीनशे लिटरची टाकी. त्यांना शॉवरला जोरात पाणी हवं होतं, म्हणून सोबत दाब देणारा पंप. स्वयंपाकघरामागच्या मोरीत हे सगळं बसवायचं ठरलं, आणि बसवायला अर्थातच मला पाठवलं.

इथे थोडं तांत्रिक सांगावं लागेल. पाणी तापलं की फुगतं. आमच्या भागात घराघरांत गच्चीवर गरम पाण्याची टाकी असते, तिला वरून एक उघडा पाइप काढलेला असतो. फुगलेलं पाणी त्या पाइपात चढतं, कुणाला पत्ताही लागत नाही. पण पंप लावला की उघडा पाइप ठेवता येत नाही, पंप सगळं पाणी त्यातूनच बाहेर फेकेल. आणि पाणी मागे फिरू नये म्हणून आत येणाऱ्या पाइपावर एकाच दिशेने उघडणारी झडप असते. म्हणजे पाणी फुगलं तरी त्याला पुढे जागा नाही, मागेही वाट नाही. अशा ठिकाणी एक्स्पान्शन टँक लावतात. लोखंडी गोळा, आत रबराचा फुगा, एका बाजूला हवा आणि दुसऱ्या बाजूला पाणी. वाढलेलं पाणी हवेला दाबून फुग्यात शिरतं, निवलं की परत जातं. तो टँक नसेल तर दाब चढत जातो, आणि शेवटचा उपाय म्हणून बसवलेला सेफ्टी व्हॉल्व उघडून जास्तीचं पाणी बाहेर सोडतो.

यादीत तो टँक नव्हता. मी शेठना विचारलं.

"आजवर कुठं लावलाय आपण?" शेठ म्हणाले.

"आजवर पंपावर बंद सिस्टीम कुठं केलीय आपण?"

"व्हॉल्व आहे ना? मग. गळेल थोडं. मोरीत गळतंय, दिवाणखान्यात नाही."

मी गप्प बसलो. नोकरीला वर्षही झालं नव्हतं. मी यंत्र बसवलं, चालू केलं, आणि व्हॉल्वमधून पाणी टपकायला लागलं तसं आत्या बादली घेऊन धावत आली. मी तिला म्हणालो, "आत्या, हे असंच असतं. गळू दे."

हे वाक्य मी बोललो. ते चूक नव्हतं, पण अर्धं होतं. गळू दे का, आणि न गळू दिलं तर काय, हे मी सांगितलं नाही. अर्धं वाक्य आत्यासारख्या बाईला सांगून निघून येणं ही माझी चूक, आणि ती मी दुसऱ्या कुणावर ढकलत नाही.

म्हशाची जत्रा भरली तेव्हा मी सुट्टी काढून आत्याकडे गेलो. जत्रेच्या दिवसांत तिच्याकडे तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण असतं, ते मी कधी चुकवत नाही. पौषातली थंडी होती. आत्या मोरीत होती. गरम टाकीला पाठ लावून, गुडघे जवळ घेऊन, सुपात तांदूळ निवडत बसली होती.

"इथं काय करतेस?"

"ऊब लागते. गुडघं बरं वाटतं. साहेबांनी यायच्या आदल्या दिशी चालू करून ठेवायला सांगितलंय, तवा शुक्रवारी माजी इथंच बैठक."

मी हसलो. मग जमिनीकडे पाहिलं. फरशी कोरडी होती. व्हॉल्वखाली ठेवलेली बादली नव्हती.

"बादली कुठाय?"

आत्याने सूप खाली ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर मी पदवीचा कागद घेऊन आलो तेव्हा होता तसा अभिमान होता. "लागतच नाय आता. आज सकाळीच थांबवलं मी गळणं. तुजं बीएस्सी नाय कामाला आलं, आतोबाची पेटी आली."

सेफ्टी व्हॉल्वच्या तोंडावर, सुतळी गुंडाळून, पान्याने घट्ट आवळून, डमी बसवलेलं होतं. काम इतकं नीटस होतं की मीही त्यापेक्षा चांगलं केलं नसतं. वर दाबाचा काटा होता. पंप तीन बार दाबावर बंद होतो. व्हॉल्व सहाला उघडायला हवा. काटा नऊच्या पुढे लाल पट्ट्यात होता, आणि टाकी अजून तापत होती. आत्याच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर ज्या लवचीक पाइपाने टाकी जोडली होती, त्याच्यावरची तारांची जाळी ताणून चकाकत होती.

"आत्या, ऊठ."

"का रे?"

"ऊठ आधी. बाहेर जा."

माझा आवाज तिने असा कधी ऐकला नव्हता. ती उठली. मी बटण बंद केलं आणि डमीला हात न लावता आधी स्वयंपाकघरातला गरम पाण्याचा नळ उघडला. पाणी दणक्यात बाहेर आलं, वाफेसकट, आणि काटा सर्रकन खाली आला. मग मी मोरीच्या उंबऱ्यावर बसलो.

आत्या दारातून म्हणाली, "काय झालं ता सांग तरी."

मी सांगितलं. या वेळी पूर्ण सांगितलं. तो पाइप फुटला असता तर साठ अंशाचं पाणी कुठे उडालं असतं, तेही सांगितलं. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "म्हंजे गळत व्हता ता पाणी नव्हता, कोंडलेला दम सुटत व्हता टाकीचा."

"हो."

"मंग तवा का नाय बोललास?"

मी डमी काढलं आणि खिशात घातलं. टाकीच्या तारा सोडवल्या आणि जोडणीतला छोटा तुकडा काढून घेतला, म्हणजे कुणी चुकूनही बटण दाबलं तरी टाकी तापणार नाही. मग शेठना फोन लावला. तिथे रेंज गेटजवळच्या चिंचेखाली मिळते.

"डमी काढलंस ना? मग चालू करून ये," शेठ म्हणाले.

"टँक बसल्याशिवाय चालू नाही करणार."

"उद्या साहेब पाहुणे घेऊन येतायत तिकडं. दहा माणसं."

"आत्या चुलीवर पाणी तापवेल."

"ए बीएस्सी, तू कोण ठरवणारा?"

"ज्यानं बसवलं तो."

शेठनी रोख बदलला. मग म्हणाले, "त्या बाईला दम भर, डमी लावू नको म्हणून. ती चूक तिची आहे."

तिथे माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "शेठ, तापवलं की दर वेळी पाणी वाया घालवणारं यंत्र तुम्ही अशा बाईच्या हाती दिलंत जिनं वाटीनं हंडे भरलेत. तिनं व्हॉल्वचं तोंड बंद केलं नसतं तरच नवल होतं. चूक यंत्र देणाऱ्याची. आणि बसवून गप्प बसणाऱ्याची, म्हणजे माझी. तिची नाही."

ते फोन ठेवून मोकळे झाले.

सोमवारी दुकानात गेलो तेव्हा शेठ जरा निवळले होते. साहेबांच्या पाहुण्यांनी चुलीवरच्या पाण्याने अंघोळी केल्या होत्या आणि साहेबांनी शेठना फोनवर बरंच सुनावलं होतं. शेठनी कोपऱ्यातून एक छोटा टँक काढला. आठ लिटरचा, पंपांबरोबर आलेला, कुणी न नेलेला. "घे. टँक टँक करत होतास ना? हा लाव आणि विषय संपव."

"हा पुरणार नाही."

"आता हाही नको? टँक आहे ना हा?"

"आहे. पण आठ लिटरच्या टँकात आठ लिटर पाणी मावत नाही. आतली हवा जाते कुठं? ती दाबली जाते तेवढीच जागा होते. आपल्या दाबाला यात तीन लिटरसुद्धा शिरणार नाही."

"आणि फुगतं किती, ते तुला पुस्तकानं सांगितलं."

पुस्तकाने सांगितलं होतंच. वीस अंशांवरून साठपर्यंत तीनशे लिटर पाणी साधारण साडेचार लिटरने वाढतं. मी कागदावर मांडून दाखवलं. शेठनी कागदाकडे पाहिलंही नाही. "कागदावर कायपण फुगतं," ते म्हणाले. दुकानात एक ग्राहक होता, तो हसला.

मी बाहेर आलो आणि आत्याला फोन केला. ती नेमकी चिंचेखालीच होती. काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं, "गळायचं तेव्हा किती गळायचं गो? अंदाजे?"

"अंदाज कशाला? साडेचार मापं."

"काय?"

"दुधाचं माप नाय का माजं, लिटराचं? त्यानं मोजलंय. टाकी गार असंल आनि पुरी तापवली, मदे कोनी नळ नाय सोडला, तर साडेचार मापं. तीन शुक्रवार मोजलं. एकदा पावणेपाच भरलं, तवा थंडी लय व्हती."

मी रस्त्याच्या कडेला उभा होतो. तिने चौथी सोडून पन्नास वर्षं झाली असतील. मी कॉलेजात जे कोष्टक पाठ केलं, ते तिने दुधाच्या मापाने मोजून ठेवलं होतं, आणि गार पाणी जास्त गार असलं की वाढ जास्त, हेही टिपलं होतं. मी परत आत गेलो आणि शेठना म्हणालो, "ग्राहकाच्या घरी मोजलंय. साडेचार लिटर. तीन वेळा."

"कुणी मोजलं?"

"माझ्या आत्यानं."

"मग तुझ्या आत्यालाच सांग टँक आणायला," शेठ म्हणाले.

त्यांना वाटलं मी इथे थांबेन. मी दुसऱ्या दिवशी कल्याणला गेलो आणि पदरचे पैसे घालून चोवीस लिटरचा टँक घेऊन आलो. घेताना दुकानदार अठरा लिटरचा पुढे करत होता. माझ्या हिशेबाने साडेबारा-तेरा लागत होता, म्हणजे अठराही चालला असता. पण त्या मोरीत पुन्हा एक थेंबही पडू नये असं मला वाटत होतं. पिण्याच्या पाण्याला चालेल असं रबर आहे ना, हे खोक्यावर वाचून घेतलं. खोकं एसटीच्या रॅकवर बसेना, म्हणून टँक मांडीवर घेऊन बसलो.

कंडक्टर म्हणाला, "सिलिंडर चालत नाय गाडीत."

"सिलिंडर नाही. टँक आहे. आत नुसती हवा आहे."

"हवेचं पण तिकीट पडंल मग." शेजारची बाई हसली आणि तिने आपली पिशवी उचलून मला सरकायला जागा दिली.

बंगल्यावर पोचलो तेव्हा ऊन कलायला अवकाश होता. सगळ्यात आधी टँकातली हवा पाहिली. हे काम लोक विसरतात. कारखान्यातून हवा दीड बारची भरून येते. पंपाचा दाब तीन असेल तर एवढ्या हवेला पंपाचं गार पाणीच अर्धं दाबून टाकतं आणि गरम पाण्यासाठी ठेवलेली जागा आधीच भरते. हवा पंपाच्या दाबापेक्षा थोडीशीच कमी हवी, आणि ती टँक रिकामा असताना भरायची. माझ्याकडे मोटरसायकलच्या टायरची हवा बघायचं मीटर होतं, आत्याकडे सायकलचा पंप होता. ते मीटर बारमध्ये नाही, पौंडात दाखवतं, म्हणून त्यावर चाळीस येईपर्यंत भरायची होती. आत्या पंपाचे झटके मोजत होती. नव्वदला मी थांबलो.

"दमलास? सर बाजूला," ती म्हणाली. उरलेले तिने मारले.

टँक भिंतीवर पट्टीने बसवला. गार पाण्याच्या पाइपावर, एका दिशेच्या झडपेच्या पुढे आणि टाकीच्या आधी, तीन तोंडांचा जोड टाकून त्याला टँक जोडला. मधे कॉक ठेवला नाही, मुद्दाम. आत्या असो की दुसरं कुणी, बंद करता येईल असं काही तिथे असूच नये. खराब झालेला सेफ्टी व्हॉल्व बदलला, त्याच्या तोंडाला एक पाइप लावून तो मोरीच्या भोकापर्यंत खाली नेला, म्हणजे कधी उघडलाच तर पाणी कुणाच्या अंगावर येणार नाही. मग पाणी सोडलं, हवा काढली, काढून नेलेला तुकडा परत जोडला आणि बटण दाबलं.

दोघं मोरीसमोर बसलो. काटा तीनवर. टँकावर टिचकी मारली की रिकाम्या डब्यासारखा आवाज. अर्ध्या तासाने साडेतीनच्या अलीकडे. आत्या उठून व्हॉल्वखाली बोट फिरवून आली. कोरडं. पुन्हा टिचकी मारली, तर टँकाच्या एका बाजूचा आवाज बद्द झाला होता, भरलेल्या माठासारखा. टाकी पूर्ण तापली, आतलं बटण आपोआप बंद झालं, काटा चारवर येऊन थांबला.

"गेली कुठं साडेचार मापं?"

मी टँक दाखवला. "यात. निवलं की परत टाकीत."

तिने टँकाला हात लावून पाहिला. "म्हंजे पाव्हन्याला पडवी दिलीस," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "आता बसू का इथं?"

"अजून नको. दोन-तीन शुक्रवार जाऊ दे. काटा चारच्या वर जात नाही ना, ते बघू."

तिने ऐकलं. मोरीच्या बाहेर गारठ्यात गोणपाटावर बसून तिने तांदूळ निवडले. ते मला सहन झालं नाही, पण मी माझं बोलणं मागे घेतलं नाही.

त्याच आठवड्यात माझी नोकरी गेली. शेठ म्हणाले, दुकानाचा माल नसलेलं काही दुकानाच्या यंत्राला जोडलं, आता वॉरंटीचं काय. साहेबांचा फोन आला. ते चिडलेले नव्हते, थकलेले वाटले. "हे बघ, मला यातलं काही कळत नाही. तुझे शेठ म्हणतात तू मनाचं काहीतरी लावलंस. त्यांचा माणूस येऊन बघेल. तोवर तू बंगल्यावर येऊ नकोस, मला भानगड नको." मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "तुझ्या आत्याला त्रास होईल असं काही करू नकोस."

ते धमकी म्हणून बोलले नसतील. पण मी घरी आलो तेव्हा मला एकच भीती होती. शेठचा माणूस येईल, टँक काढून नेईल, व्हॉल्व पुन्हा गळायला लागेल, आणि आत्याच्या खाटेखाली आतोबांची पेटी आहे. नोकरीचं मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. वडील दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "पाइप तिच्या डोक्याजवळ व्हता म्हनतोस?" मी हो म्हणालो. "मंग ठीक," ते म्हणाले, आणि जेवायला बसले.

फोनवर हे सगळं सांगण्यासारखं नव्हतं. चिंचेखालची रेंज मधेच तुटते, आणि आत्या ऐकलेल्यापेक्षा लिहिलेलं जास्त मानते. देवाच्या पोथीपासून खताच्या गोणीपर्यंत, छापलेलं असो की लिहिलेलं, ती अक्षरावर बोट ठेवून वाचते. म्हणून तिसरा शुक्रवार उलटला, शेठचा माणूस अजून आला नव्हता, तेव्हा मी पत्र लिहिलं, मोठ्या अक्षरात, आणि मुरबाडला जाऊन पोस्टात टाकलं. आयुष्यात तिला लिहिलेलं ते पहिलंच.

शेठचा माणूस आला होता, हे मला नंतर कळलं. आत्याने त्याला दारात उभं करून हे पत्र वाचायला लावलं, मोठ्याने, शेवटपर्यंत. मग म्हणाली, "काडतोस तर काड. पन ह्याच्याखाली सही कर, की मी काडला." तो चहा पिऊन गेला. टँक अजून तिथेच आहे. मी आता स्वतंत्र कामं करतो, शहापूर आणि मुरबाड दोन्हीकडे, आणि बंद सिस्टीमला टँक घ्यायचा नसेल तर मी काम घेत नाही. बरेच जण दुसऱ्याकडे जातात. जाऊ देत. पत्र आत्याने पातळ प्लास्टिकमध्ये घालून मोरीच्या दाराला आतून चिकटवलं आहे. ते असं:

*आत्या,*

*पाया पडतो. मला बंगल्यावर यायला मनाई आहे, म्हणून लिहितो. हे नीट वाच आणि जपून ठेव.*

*भिंतीवरचा लाल टँक कुणालाही काढू देऊ नको. कुणी म्हणालं की याची गरज नाही, तर त्याला साडेचार मापं सांग. तुझ्या मोजण्यात चूक नाही. मी पुस्तकाशी ताडून पाहिलं आहे.*

*व्हॉल्व पुन्हा गळला तर त्याचं तोंड बंद करायचं नाही. बटण बंद कर, स्वयंपाकघरातला गरम नळ जरा सोड, हात सांभाळून, आणि मला कळव. मनाई असली तरी मी येईन. महिन्यातून एकदा टँकावर टिचकी मारून बघ. टाकी तापलेली असताना एक बाजू रिकामी वाजली पाहिजे. सगळाच बद्द वाजला तर आतला फुगा गेला असं समज आणि टाकी तापवू नको.*

*आतोबांच्या पेटीतलं डमी माझ्याकडे आहे. ते मी परत देणार नाही. रागावू नको. माझ्या पान्यांच्या पिशवीत ठेवलं आहे, रोज हाताला लागतं.*

*तुला विचारायचं होतं. परीक्षेच्या दिवसांत तू माझ्यासाठी चुलीवर पाणी ठेवायचीस, तेव्हा हंडा कधी काठोकाठ भरायची नाहीस, चार बोटं रिकामा ठेवायचीस. मी एकदा वरपर्यंत भरला तर तू तांब्याने काढलंस आणि म्हणालीस, तापल्यावर त्याला जागा लागते. मी कॉलेजात ते पुन्हा शिकलो आणि मला वाटलं की मी नवीन काही शिकलो. शेठसमोर पहिल्या दिवशी ते मी बोलायला हवं होतं. तू मला तीन वर्षं खोलीत ठेवलंस ते गप्प बसायला नव्हे. तेव्हा बोललो नाही, त्याची माफी मागतो. आता बोलतो आहे आणि बोलणार आहे.*

*तीन शुक्रवार झाले. काटा चारच्या वर गेला नाही असं तू काल फोनवर म्हणालीस, तेवढं ऐकू आलं, पुढचं तुटलं. तू काय विचारत होतीस ते मला ठाऊक आहे.*

*बस. सूप घेऊन बस, टाकीला पाठ टेकून बस.*

*तुझा भाचा*